लिचीचा झुरका

"हे जरा बघ," म्हणत शेषेरावांनी रुमालाची घडी काउंटरवर ठेवली आणि मागं वळून रस्त्यावर एक नजर टाकली. नांदेडच्या बाजारात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. तेवढ्यासाठी तर ते देगलूरहून बसनं इथवर आले होते.

मोबाईल दुरुस्तीवाल्यानं घडी उलगडली. आत बोटभर लांबीची गुलाबी नळी. त्यानं नळीकडं पाहिलं, मग गिऱ्हाईकाकडं पाहिलं आणि ताडकन उभा राहिला.

"सर? मी प्रीतम, सर! सातवी ब!"

छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला ओळख लपवायची असेल तर त्यानं निदान मराठवाडा तरी सोडायला हवा. हे सरांच्या आत्ता ध्यानात आलं. देगलूरच्या शाळेत त्यांनी तंबाखूविरुद्ध युद्धच पुकारलं होतं. शाळेभोवती शंभर वार मोजून पिवळी रेघ ओढली होती. टेपचं दुसरं टोक धरायला हाच प्रीतम होता, आणि त्याच्याच खिशात गुटख्याच्या अकरा पुड्या निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला त्या अकराच्या अकरा, दोऱ्यात ओवून, त्याच्या गळ्यात होत्या.

"सर, हे व्हेप हाय. बॅटरीवरली सिगारेट. बंदी हाय ह्याच्यावर."

"माहीत हाय."

"कुणाचं हाय?"

सरांनी घसा खाकरला. "माझंच."

प्रीतमनं नळी काउंटरवर ठेवली. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "दोरा आणू का, सर?"

सर ओशाळून हसले. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलाची, सुदर्शनची मोटरसायकल ट्रकखाली गेली. पोलिसांनी त्याच्या खिशातल्या वस्तू पिशवीत घालून दिल्या, त्यात ही नळी होती. पोरगं आता स्वतःची बाजू मांडायला उरलं नव्हतं. त्याच्या नावावर हे कशाला घालायचं?

"बत्ती लागतीय," सर म्हणाले, "पण ओढलं की काहीच येईना."

प्रीतमनं मोबाईलचा उजेड नळीच्या तोंडात पाडला. "चोंदलंय. ठेवता कसं?"

"पुस्तकांच्या मागं. आडवं."

"तिथंच चुकलं. आडवं ठेवलं की आतला रस तोंडाशी येतो आन् घट्ट बसतो. उभं ठेवायचं, तोंड वर करून. आन् दम लावून ओढायचं न्हाई, हळू ओढायचं. दिवसाला किती ओढता?"

"एक."

"एक काय?"

"एक झुरका. संध्याकाळी पाचला."

"सर, तुम्ही व्यसनाचं पण टाइमटेबल लावलं की!"

पाचला त्यांच्या पत्नी सिंधूबाई शेजारच्या गल्लीत दूध आणायला जात. तेवढ्यात सर सुदर्शनच्या खोलीत शिरत, दार लावून एक झुरका घेत, खोकला उशीत दाबत आणि बाहेर येऊन पेपर उघडत. सिंधूबाई आल्या की दूध ओट्यावर ठेवून त्या खोलीत जाऊन कॉटवर बसत. "आपल्या सुदर्शनच्या अंगाला लहानपणापासनं असा गोड वास," म्हणत. लहानपणी त्याच्या अंगाला खोबरेल तेलाचा वास यायचा. हा दुसरा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासूनचा. नळीवर लिची लिहिलेलं होतं. लिची हे फळ सरांनी वर्गात शिकवलं होतं, खाल्लं कधी नव्हतं. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारण्यात गेला, पण बायकोची ही चूक त्यांनी दुरुस्त केली नाही.

परवा नळी बंद पडली. काल सिंधूबाई खोलीत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. "आज आत कुणीच न्हाई वाटायलंय," एवढंच म्हणाल्या, आणि जेवायला उठल्याच नाहीत.

प्रीतमनं सिम काढायच्या पिनेनं नळीचं तोंड कोरलं. कागदाची बारीक वळकटी करून आत फिरवली, ती तपकिरी आणि चिकट होऊन बाहेर आली. मग नळी सरांच्या हातात दिली.

"मुठीत धरा दोन मिनिटं. ऊब लागली की रस पातळ होतो. उन्हात मात्र ठेवू नका, बॅटरी फुगंल."

सरांनी मूठ आवळली. "हे अजून किती दिवस चालंल?"

"तळाला आलंय, सर. असंल आठ-दहा झुरक्यांचं. ह्याच्यात परत भरता येत न्हाई, संपलं की फेकायचं. दुसरं बघू का कुठं? लिची न्हाई मिळायची. पुदिना मिळंल."

"पुदिना नको." पुदिन्याच्या वासानं सिंधूबाईंना फार तर चटणी आठवली असती.

"बरं, ओढून बघा."

"इथं?"

"लागतंय का ते कळाया नको?"

सरांनी नळी ओठांत धरली आणि सांगितल्यासारखं हळू ओढलं. नळी खुडखुडली. सरांना ठसका लागला, आणि पांढऱ्या धुराचा एक मोठा लोट काउंटरवरच्या उघड्या पडलेल्या मोबाईलांवर पसरला. दुकानभर गोड वास सुटला. टेबलफॅननं तो लोट उचलला आणि दाराकडं, बाहेरच्या ऑटोंच्या गर्दीकडं ढकलायला सुरुवात केली.

"पंखा बंद कर," सर म्हणाले.

"सर, त्रेचाळीस डिग्री हाय."

"बंद कर रे बाबा, बाहेर चाललंय सगळं!"

प्रीतमच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. पण सरांनी डोळे मिटले होते, आणि आरती घ्यावी तसे दोन्ही हातांनी ते धूर आपल्या तोंडावर ओढून घेत होते.

त्यानं पंखा बंद केला. मग काउंटरला वळसा घालून बाहेर गेला आणि काही न विचारता बाहेरून शटर खाली ओढलं.