लाल शेरा

पाऊण वाजून गेला तरी फ्लेविया टीचरचा मेसेज आला नव्हता. अनुपमाने पिठाचा हात ओढणीला पुसून पुन्हा फोन पाहिला. दहिसरच्या त्या पोळीभाजी केंद्रात दुपारची घाई होती आणि तिचं लक्ष तव्यापेक्षा फोनकडे जास्त होतं.

मेसेज तरी कसला, एका शब्दाचा. जूनपासून रोज शाळा सुटली की टीचर लिहायच्या, "नाही." म्हणजे तिची लेक श्रुतिका आजही वर्गात बोलली नाही. दुसरीतली ही पोरगी घरी तोंडाचा पट्टा थांबवायची नाही. चाळीतल्या पाण्याच्या मोटारीपासून आजोबांच्या कवळीपर्यंत तिला कुठलाही विषय चालायचा. शाळेच्या फाटकातून आत गेली, की मात्र तोंडाला कुलूप. हजेरी घेताना ती साधं "हजर"सुद्धा म्हणायची नाही, नुसता हात वर करायची. फ्लेविया टीचर समजूतदार, त्या हात बघून हजेरी मांडायच्या.

तो "नाही" वाचून अनुपमाला रोज वाईट वाटायचं. तरी टीचर काही लपवत नाहीत, याचा आधारही वाटायचा. शाळेच्या मोठ्या बाईंपाशी एवढा धीर नव्हता. दिवाळीनंतर त्यांनी अनुपमाला बोलावून घेतलं होतं. "नाताळच्या सुट्टीपर्यंत बघू. नाहीच बोलली तर तुम्ही दुसऱ्या शाळेचं बघा." सुट्टीला आता तीन दिवस उरले होते.

एक वाजता फोन वाजला. टीचरचा नव्हता, सासऱ्यांचा होता. नातीला शाळेतून आणायचं काम गुणाजींकडे असायचं.

"अगो, तुझी टीचर नाय इली आज. तिका इलेक्शनच्या कामाक धाडल्यानी. दुसरीच बाई होती. तिणा डायरीत लाल शाईन कायतरी लिवल्यान हा."

"काय लिहिलंय?"

"माजो चष्मो शोधलंय, पण गावाक नाय माका. पोरगी सांगणा नाय. शाळेतसून इल्यापासून रडता हा."

चांगली बातमी कुणी लाल शाईने लिहीत नाही, एवढं अनुपमाला स्वतःच्या शाळेपासून ठाऊक होतं. म्हणजे मोठ्या बाई तीन दिवससुद्धा थांबल्या नाहीत. फ्लेविया टीचर नाहीत असं बघून नव्या बाईंकडून लिहून घेतलं. आता दुसरी शाळा म्हणजे कुठली? डिसेंबरात कोण प्रवेश देणार, आणि तोही तोंडातून शब्द न काढणाऱ्या मुलीला? तव्यावरून धूर यायला लागला.

"ही तिसरी," केंद्र चालवणाऱ्या वसुधाताई म्हणाल्या. "जा बाई तू घरी. गिऱ्हाइकाला कोळसे नको खायला घालूस."

चाळीचा जिना अनुपमा दोन दोन पायऱ्या करत चढली. श्रुतिका गणवेशातच भिंतीला टेकून बसली होती. दप्तर तिने पोटाशी घट्ट धरलं होतं. अनुपमाने ते सोडवून घेतलं आणि डायरी बाहेर काढली. पान सापडेना. मग लाल अक्षरं दिसली. ती तिने दोनदा वाचली.

"काय लिवल्यान?" गुणाजींनी विचारलं.

तिने मोठ्याने वाचलं. "श्रुतिका वर्गात सतत बडबड करते. दोनदा सांगूनही ऐकत नाही. पालकांनी समज द्यावी."

गुणाजी जवळ सरकले. "ही आपल्या चेडवाचीच डायरी मा?"

अनुपमाने वरचं नाव पाहिलं. नाव बरोबर होतं. तिने श्रुतिकाला जवळ ओढलं. "काय झालं गं आज शाळेत?"

"त्या बाई माझा खाडा लावत होत्या." श्रुतिकाला हुंदका आवरेना. "मी हात वर केला होता. त्यांनी बघितलंच नाही. खालीच बघत होत्या. माझा एकपण खाडा नाहीये आई, एकपण नाही! त्यांनी पेन टेकवलं."

"मग?"

"मग मी ओरडले. हजर, हजर, हजर!"

सहा महिने सगळ्यांनी त्या कुलपाला जपून हात लावला होता. ते उघडलं एका परक्या बाईने, तेही मान खाली घालून, चुकून.

"आणि नंतरही बोललीस?"

"बाजूच्या गंधालीला सांगायचं राहिलं होतं ना."

"काय सांगायचं?"

"जूनपासूनचं सगळं."

गुणाजी तोंडावर हात ठेवून हसू दाबायला लागले. अनुपमाला हसूही येत होतं आणि रडूही. फ्लेविया टीचरना हे आत्ताच्या आत्ता कळायला हवं, असं तिला वाटलं. तिने डायरी जमिनीवर ठेवली आणि फोटो काढायला फोन धरला.

ते बघताच श्रुतिका डायरीवर पालथी पडली. "टीचरना नको ना पाठवू! त्या पण रागावतील. मी उद्यापासून नाही बोलणार आई. शप्पथ, एक अक्षर नाही बोलणार."

अनुपमाने फोन खाली ठेवला. लेकीला दोन्ही खांदे धरून उभं केलं आणि जमतील तेवढे डोळे वटारले.

"खबरदार, वर्गात पुन्हा गप्प बसलीस तर!"