जहाजावरचा वर्ग

"माल कुणीही लपवो, जबाब कंपनीलाच द्यावा लागतो. पुन्हा काही सापडलं तर जहाज जप्त होईल आणि मी घरी बसेन," असं कळकळीने सांगून कंपनीच्या बाईंनी तस्करीचा माल दडवायच्या जागा पडद्यावर दाखवायला घेतल्या.

रंगाच्या डब्यांमागचा कोनाडा दिसताच एक खलाशी उठला. "बाई, पोटात कळ आलीय." पिठाची पिंपं दिसली आणि आचारी पळाला. इंजिनामागची पोकळी दिसली, तसा मागचा अख्खा बाक रिकामा झाला.

"सगळ्यांची पोटं आजच बरी बिघडली!" कप्तान हसला. निदान हा तरी आपल्या बाजूचा आहे, या विचाराने बाईंना धीर आला. त्यांनी पुढचं चित्र लावलं. कप्तानाच्या पलंगाखालचा कप्पा.

 

"तुमचं चालू द्या बाई, मी हा आलोच!"