हाडानं काढलेला फोटो

दातांच्या डॉक्टरांनी टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि खिडकीचा पडदा बाजूला सारला. एक फोटो नुसताच काळा होता. दुसऱ्यावर कमानीसारखं काहीतरी पांढुरकं उमटलं होतं, मधे मधे जास्त उजळ ठिपके.

"हा थोरलीचा जबडा," डॉक्टर म्हणाले.

तिच्या बापाला, सुताराला, खाली बघवेना. धाकटी मात्र इतकी वाकली, की नाक टेबलाला टेकायचंच काय ते बाकी राहिलं.

दोघी बहिणी घड्याळांच्या कारखान्यात तबकड्यांवर अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या रंगानं आकडे रंगवायच्या. आधी थोरलीचे दात गेले, मग जबडा किडत गेला, मग तीच गेली. कारखान्याच्या डॉक्टरानं मात्र चारचौघांत उच्चारू नये अशा रोगाचं नाव लावलं. तेव्हापासून सुतार रस्त्यानं मान खाली घालून चालायचा. दातांच्या डॉक्टरांना ते काही पटलं नव्हतं. त्यांनी फार गळ घातली, तेव्हा कुठे सुतारानं लेकीची कबर उघडू दिली होती.

कॅमेरा कुठं ठेवला होता, धाकटीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, कॅमेरा नव्हताच आणि उजेडही नव्हता. हाडाभोवती फिल्म गुंडाळली, वरून काळा कागद लावला आणि कपाटात ठेवून दिलं. शेजारी कारखान्यात कधीच न गेलेल्या एका बाईचं साधं हाड तसंच गुंडाळून ठेवलं होतं. त्या हाडानं काहीच केलं नाही, तो हा काळा फोटो. थोरलीच्या हाडानं मात्र आपला फोटो आपणच काढला.

"म्हणजे तो रोग नव्हता," सुतार म्हणाला.

"नव्हता. रेडियम होतं. हाडात जाऊन बसलंय."

सुतारानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हा फोटो घरी नेता येईल का, असं त्यानं हळूच विचारलं. लेकीचा दुसरा एकही फोटो घरात नव्हता.

धाकटीच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. हाडात गेलं कसं? डॉक्टरांनी उलट तिलाच विचारलं, तुम्ही काम कसं करता ते दाखव. टेबलावर औषध लावायचा बारीक कुंचला पडला होता, तो तिनं उचलला. आकडा रेखीव यायचा तर टोक सुईसारखं हवं. तिनं कुंचला सवयीनं ओठांशी नेला आणि तिथंच थांबली.

कुंचला तसाच हवेत राहिला. ओठांवर फिरवायचा, रंगात बुडवायचा, पुन्हा ओठांवर. मुकादमबाईनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पोटात गेलं तर गालांवर लालीच येईल, असंही म्हणाली होती. थोरली तर सुट्टीत हसू यावं म्हणून दातांना रंग फासून कोपऱ्यातल्या अंधारात उभी राहायची. पोरी हसून लोटपोट व्हायच्या.

"तूही तसंच करतेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"आम्ही सगळ्याच."

आता कुठे सुतारानं टेबलाकडे पाहिलं. त्या पांढऱ्या कमानीवरून त्याची नजर धाकटीच्या हनुवटीवर गेली आणि तिथून हलेना.

कुंचला खाली ठेवून धाकटीनं विचारलं, जित्या माणसाच्या हाडाचा असा फोटो निघेल का? डॉक्टर अडखळले. वरून मांस असतं, नीट निघेलच असं नाही, आज घाई नको, असं काहीबाही सांगत राहिले.

"फिल्म बांधा," ती म्हणाली. "उद्या कामावर जायचं की नाही, ते मला ठरवायचंय."

डॉक्टर आतल्या अंधाऱ्या खोलीतून काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म घेऊन आले. ती त्यांनी हनुवटीखाली धरली आणि वरून पट्टी डोक्यावर नेऊन गाठ मारली. सकाळपर्यंत सोडू नकोस, म्हणाले.

परत जाताना रस्त्यात शेजारीण भेटली. एरवी सुतार तिला चुकवून पलीकडून जायचा. आज तो मान वर करून उभा राहिला. फोटोचं पाकीट त्यानं छातीशी धरलं होतं. शेजारणीचं लक्ष मात्र पट्टीकडे होतं.

"दाढ दुखते का गं?"

"अजून नाही, काकू," धाकटी म्हणाली.