दोन बशा कुसळं

सासऱ्यांच्या मोज्यातून तिने सातवं कुसळ चिमट्याने उपटलं आणि बशीत ठेवलं. पलंगावर बॅग उघडी होती. उद्या सकाळच्या गाडीने ते मुलीकडे निघणार होते, कायमचे.

"बाबा, तुम्ही रोज वाचनालयातच जाता ना?"

"मग काय, या वयात डोंगर चढायला जातो?" सासरे पेपरामागून म्हणाले.

बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढलेल्या बाईला माणसाने निदान अशी थाप मारू नये. धान्याच्या नमुन्यातून तणाचं बी वेचून ओळखायचं, हेच तर तिचं काम. तिने एक कुसळ भिंगाखाली धरलं. पुढे सुईसारखं टोक, त्यावर तांबूस लव, मागे काळी पिळदार शेपटी. पाण्याचा थेंब टाकला तशी ती शेपटी वळवळत उलगडायला लागली. कुसळी गवत. त्यात नवल काही नव्हतं. बांधावर, रस्त्याकडेला, कोणी न लावता उगवणारं. पण गावातल्या रस्त्यांच्या कडा नगरपालिकेने महिन्यापूर्वीच, कुसळं धरायच्या आत, साफ कापून टाकल्या होत्या. इतकं पिकलेलं गवत आता तिच्या माहितीत एकाच जागी उभं होतं. गावाबाहेरच्या विकलेल्या तुकड्यात, जिथे नव्या मालकाने तारेचं कुंपण घातलं होतं आणि पुढे काहीच केलं नव्हतं.

त्या तुकड्यावरूनच तर घरात बिनसलं होतं. जमीन नवऱ्याच्या नावावर, कसायला कोणी नाही. त्याने विकून टाकली. "तुझ्या आईची लिंबोणी होती रे तिथे," एवढंच बाबा म्हणाले. त्यानंतर चौदा महिने बापलेकांत शब्द नाही. 'त्याला सांग, पंखा बंद कर.' 'बाबांना विचार, औषध घेतलं का.' दोघं एकाच टेबलाशी बसायचे आणि निरोप तिच्यामार्फत जायचे. या पोस्टमनकीला ती विटली होती. तरी बाबा जाणार म्हटल्यावर तिचाच जीव तुटत होता. 'त्यांना अडव' असं नवऱ्याला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "त्यांना माझं तोंडही बघायचं नाहीये. कुठल्या तोंडाने अडवू?"

मोज्यांचा दुसरा जोड शोधायला तिने धुण्याची बादली उपसली. बोटाला टोचलं. पुन्हा कुसळं. पण हे मोजे काळे होते, ऑफिसचे. नवऱ्याचे.

तिने त्यातलंही एक भिंगाखाली धरलं. तेच गवत. लोकांना म्हणे दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं. हिला आपल्याच घरातलं दिसलं नव्हतं, आणि पगार घेत होती तो कुसळं ओळखण्याचाच!

संध्याकाळी नवरा आला. बाबा टेबलाशीच बसले होते. तिने टेबलावर दोन बशा मांडल्या.

"ही बाबांच्या मोज्यांतली. ही तुझ्या. गवत एक, जागाही एक. आता मी निरोप पोचवणार नाही."

 नवरा तिच्याकडेच बघत पुटपुटला, "ऑफिस सुटल्यावर जातो मी. मालकाला विचारूनच. तिथल्या विहिरीचं दोन बादल्या पाणी आईच्या झाडाला घालतो आणि येतो."

बाबांनी मुलाच्या बशीतलं एक कुसळ उचललं. आपल्या बशीतल्या कुसळाशेजारी ठेवलं.  मग चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांची मान मुलाकडे वळली.

"गाढवा, सकाळी दोन बादल्या मी घालतो! तरीच म्हटलं, लिंबोणी पिवळी का पडत चाललीय. मुळं कुजवशील तिची. यापुढे एक दिवस तू, एक दिवस मी. आणि उद्याची पाळी माझी."