ओल्या तुराट्या

"वैनी, आता इझवा ती चूल," साहेबराव म्हणाला.

पारूबाईने मान वर केली नाही. तीन दगडांच्या चुलीत तिने आणखी एक तुराटी खुपसली. भूकंपाला तिसरा दिवस होता. पावसाने सरपण भिजलेलं; जाळ कमी, धूरच जास्त. चुलीपासून चार हातांवर तिच्या घराचा दगडमातीचा ढीग होता आणि त्याखाली लुंबिनी होती. लातूरला बारावीचे क्लास करणारी पोर, सुट्टीला म्हणून घरी आली होती.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्या घरी चूल पेटवत नसत. शेजारची भाकरी यायची. शेजारची शकिला फडक्यात भाकरी बांधून केव्हाची उभी होती.

"माज्या हातची न्हाई, अक्का. मुरुडच्या मदतीच्या गाडीवरची हाय. माजी तरी चूल कुठं राहिलीय?"

"ठेव तिकडं. माज्या घरातलं कुणी गेलं न्हाई." पारूबाई पीठ थापत राहिली. "पोरगी निघंल तवा भुकेली असंल."

"सकाळधरनं हाका मारून राहिलो. चकार आवाज न्हाई." दिराचा घसा बसला होता. "मिलिट्रीची माणसं पलीकडच्या गल्लीत गेली. जिथं आवाज येतो तिथंच खणतेत ती. किती दिवस असं करनार?"

त्याने पाण्याचा तांब्या उचलला. पारूबाईने चुलीवर दोन्ही हात आडवे धरले.

"वता. आदी माज्या हातावर वता."

तांब्या तसाच राहिला. वारा फिरला. धूर जमिनीलगत सरपटत गेला आणि ढिगातल्या तुळईखालच्या फटीत शिरला.

कुणीतरी खोकललं.

साहेबरावाने शकिलाकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. पुन्हा खोकला आला. बारीक, कोंडलेला, दगडांखालून.

पारूबाईने दिराच्या हातातला तांब्या हिसकावला आणि सगळं पाणी चुलीवर ओतलं. चर्र झालं. अर्धी भाजलेली भाकरी तव्यासकट राखेत कलंडली.

"आवाज हाय! इकडं या, आवाज हाय!" साहेबराव बसलेल्या घशाने ओरडत गल्लीकडे धावला.

पारूबाई फटीशी पालथी पडली.

"लुंबे, इझवली गं चूल. आता धूर न्हाई यायचा. शिळं खावं लागंल, बाई."

आणि मागे न बघता तिने शकिलाकडे हात पसरला.

"आण ती भाकरी."