आठ दिवसांचे थेंब

दोन वर्षांपूर्वी घड्याळजी काकांचे डोळे लाल झाले, तेव्हा डॉक्टरांनी स्टेरॉइडचे थेंब दिले होते, फक्त आठ दिवसांसाठी. काकांनी रिकामं खोकं जपून ठेवलं. ते दाखवलं की मेडिकलवाला काही न विचारता नवी बाटली देई. रोज सकाळी एकेक थेंब घातला की डोळे कसे लख्ख!

हल्ली मात्र काका दाराच्या चौकटीला धडकत, हाताशी ठेवलेला चहा सांडत. शेवटी काकूंनी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे आणलं.

"हिच्या जिवाला उगाच घोर! तिळाएवढा स्क्रू दिसतो मला अजून," काका खुर्चीत चुळबुळत म्हणाले.

काकूंनी पुढे केलेलं खोकं पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अहो, या थेंबांनी डोळ्यांचा दाब वाढतो, दोन वर्षांत एकदा तरी तपासायचा!" ते काकांच्या समोर बसले. "एक डोळा झाका आणि माझ्या नाकाकडे बघा. बाजूला बोटं हलताना दिसली की सांगा."

डॉक्टरांची बोटं हलू लागली. मागे उभ्या काकू काकांच्या उत्तराची वाट पाहू लागल्या.



काका वैतागले. "अहो डॉक्टर, हलवा की लवकर! दुकान उघडायचंय मला."