स्टुलावरून दिसणारं घर

दारात बसून स्वयंपाकघराचं चित्र काढावं, तर सकाळचं सगळं ऊन नेमकं बायकोच्या रिकाम्या स्टुलावर. जन्मभर ड्रॉइंग मास्तर राहिलेल्या दिनकररावांना ते काही केल्या कागदावर उतरवता येईना. शैलाताई लेकीच्या बाळंतपणाला टोरांटोला गेल्या होत्या आणि आता नातवाचा पहिला वाढदिवस करूनच येते म्हणत होत्या. "राहा की, माझं काय अडतंय?" असं ह्यांनीच ऐटीत सांगितलं होतं.

शेवटी वैतागून ते स्वतःच त्या स्टुलावर जाऊन बसले. तिथून यथार्थदर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, बिनचूक जमलं. ओट्याची कड, डब्यांची फळी, फरशीचे सांधे, सगळ्या रेषा दारातून बाहेर निघाल्या आणि एकाच जागी जाऊन मिळाल्या: बैठकीतल्या त्यांच्या आरामखुर्चीवर. मास्तरांनी ती होती तशीच, रिकामी काढली.

चित्राचा फोटो शैलाताईंना पाठवल्यावर लगेच त्यांचा फोन आला.

"अहो, खुर्ची रिकामी का काढलीत?"

"मी तुझ्या स्टुलावर बसलोय ना."

"मग निदान उघडा पेपर तरी काढायचा. तिथून मला जन्मभर तेवढाच दिसला."

"शैला," दिनकरराव हळूच म्हणाले, "इथून फार लांब दिसते गं खुर्ची."

पलीकडे बाळ रडलं आणि गप्प झालं.

"पुढच्या महिन्याचं तिकीट बघायला सांगते," शैलाताई म्हणाल्या. "तोवर बसा तिथेच. कसं वाटतं ते कळू दे जरा."